गोळी कशाची आहे, मामी?

पत्र एका मामीचं आहे. नाव, गाव, तालुका काढून टाकलाय आणि दोन-तीन तपशील मुद्दाम बदललेत, त्यामुळे हे आपल्या गल्लीतलं घर तर नाही ना असं शोधत बसू नका.

थोडक्यात असं. त्यांच्या नणंदेची मुलगी, वय अकरा, यंदा सहावीत. जन्मापासून एचआयव्ही पॉझिटिव्ह. वडील ती दोन वर्षांची असताना गेले, आई चार वर्षांपूर्वी. वडिलांकडच्यांनी हात वर केले तेव्हा मामा तिला घरी घेऊन आला. घरात मामा, मामी, आजी (म्हणजे या ताईंच्या सासूबाई) आणि ताईंचा स्वतःचा सहा वर्षांचा मुलगा. रोज रात्री आठला गोळी. दर तीन महिन्यांनी शेजारच्या जिल्ह्यातलं एआरटी सेंटर (एचआयव्हीची औषधं मिळतात ते सरकारी केंद्र), कारण आपल्या सिव्हिलला कुणी ना कुणी ओळखीचं भेटतंच. तब्येत छान आहे, मागच्या व्हायरल लोडला, म्हणजे रक्तातला विषाणू मोजायच्या तपासणीत, विषाणू सापडलाच नाही. मुलीला सांगितलंय की गोळी रक्तवाढीची आहे आणि आई काविळीने गेली.

आता शाळेत सहावीपासून आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. ती खाऊन पोर घरी आली आणि म्हणाली, 'मामी, सगळ्यांना आठवड्यातून एकदाच रक्ताची गोळी, मग मला रोज का? आणि माझी निळी का नाही?' मामी म्हणाली तुझं रक्त जास्तच कमी आहे. वेळ मारून नेली.

ताई विचारतात, तिला खरं सांगायचं का? नवरा म्हणतो दहावी होऊ दे. माहेरचे म्हणतात संस्थेत ठेवा, तिथे तिच्यासारखीच मुलं असतात, तू तुझ्या पोराचं बघ. शाळेला सांगावं लागतं का? सासूबाई तिचं ताट वेगळं ठेवतात, त्यांना काय बोलायचं? पुढे तिच्या लग्नाचं काय? आणि अगदी शेवटी लिहिलंय, 'मी वाईट आहे का. माझा जीव आहे तिच्यावर, पण तिने माझ्या मुलाला उष्टा घास भरवला की पोटात गोळा येतो. मागच्या वर्षी कुणाला न सांगता मुलाची टेस्ट करून आणली. निगेटिव्ह आली. रिपोर्ट बसस्टँडवरच फाडून टाकला.' आणि खाली ता.क. मध्ये, शाळेतली निळी गोळी तिने घेतली तर चालते का?

ताई,

तुमचं पत्र मी शेवटाकडून वाचायला घेतलं. इतकी वर्षं पत्रं वाचून एवढं कळलंय की माणसं पहिलं पानभर प्रश्न लिहितात आणि जे खरं सलतंय ते शेवटच्या चार ओळींत येतं. म्हणून आधी तो बसस्टँड.

नाही, तुम्ही वाईट नाही. सगळे म्हणतात मामाने भाचीला आणलं, मामाने भाचीला सांभाळलं, आणि आणलं त्यांनीच हे खरंय, पण पत्रात मला रोज आठचा अलार्म लावणारी, मुलीला घेऊन दोन एसट्या बदलून सेंटरला जाणारी, तिथे रांगेत उभी राहणारी, घरी येऊन बाटलीवरचं लेबल नखाने खरडून काढणारी एकच बाई दिसतेय. चार वर्षं म्हणजे साधारण 1460 रात्री. एकही डोस चुकला नाही असं तुम्ही एका ओळीत लिहून टाकलंत जसं काही दूध उतू गेलं नाही असं लिहावं. व्हायरल लोडचा तो रिपोर्ट म्हणजे तुमचं प्रगतिपुस्तक आहे हो. डॉक्टरांनी फक्त गोळी दिली.

पोटात गोळा येतो त्याचं काय, तर पोटाला डोक्याचं ऐकायला वेळ लागतो. तुम्हाला माहिती सगळी आहे, काउन्सेलर मॅडमनी सांगितलेली आहे, तरी एकदा मीही लिहिते कारण हे सदर इतर घरांतही वाचलं जातं. उष्ट्याने, एका ताटात जेवल्याने, एका पांघरुणात झोपल्याने, टॉवेलने, संडासातून, डासाने, खोकल्याने, पापी घेतल्याने एचआयव्ही होत नाही. होऊ शकतो तो असुरक्षित शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, बाधित सुईतून, आणि आईकडून बाळाला पोटात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. खेळताना गुडघा फुटला तर पाण्याने आणि साबणाने धुवायचं, पट्टी करायची, आणि दुसऱ्याचं रक्त उघड्या हाताने पुसायचं नाही, हे शेजारच्या पोराच्या गुडघ्यालाही तितकंच लागू आहे. ब्लेड आणि टूथब्रश कुणाचंच कुणी वापरू नये. झालं, एवढीच काळजी. मुलाची टेस्ट परत करायची गरज नाही. आणि पुढच्या वेळी ती त्याला घास भरवताना दिसली तर मुद्दाम तिथेच बसा, उठून आत जाऊ नका, बसल्या बसल्या तो गोळा हळूहळू कमी होतो. मी हे पुस्तकातलं सांगत नाहीये, क्षयरोगाच्या वॉर्डात काम करणाऱ्या माझ्या सख्ख्या मावशीने तिच्या पोटातला गोळा असाच घालवला होता (तिथे तर मास्क लावायला तरी कारण होतं, तुमच्याकडे तेही नाही).

आता सांगायचं का नाही सांगायचं.

तुमचा अख्खा प्रश्न एका गोष्टीवर उभा आहे की तिला काही माहीत नाही. मला त्याच्याबद्दलच शंका आहे. बघा ना. तिच्या गोळीच्या बाटलीला लेबल नाही, घरातल्या बाकी प्रत्येक औषधाला आहे. आजीच्या बीपीची गोळी गावच्या मेडिकलमधून येते, हिची दुसऱ्या जिल्ह्यातून. पाहुणे आले की आठचा अलार्म वाजायच्या आधीच कुणीतरी मोबाईल घेऊन आत जातं. तिचं ताट खिडकीत. आणि सेंटरच्या भिंतीवर छताला टेकतील एवढी पोस्टर्स आहेत, लाल रिबिनीची, मोठ्या मोठ्या मराठी अक्षरांत. ताई, ती सहावीत आहे. तिला वाचता येतं! तासन् तास त्या बाकड्यावर बसून पोरगी काय करत असेल असं वाटतं तुम्हाला, पंखा मोजत असेल?

कदाचित तिला पूर्ण माहीत नसेल. तुकडे माहीत असतील, आणि मधल्या जागा ती स्वतःच्या डोक्याने भरत असेल, आणि मुलं जे भरतात ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयानक असतं. मी मरणार आहे. माझ्यामुळे आई मेली. मी काहीतरी घाण केलंय. माझ्या ओळखीच्या एक काउन्सेलर आहेत, बरीच वर्षं एआरटीत काढली त्यांनी, त्या एका तेरा वर्षांच्या मुलाचं सांगत होत्या. आजीने सात महिने तयारी केली, धीर गोळा केला, शेवटी मॅडमच्या खोलीत बसवून त्याला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, मला पाचवीपासून माहीतेय. मग बोलला का नाहीस रे? तर म्हणाला, आजी रडली असती.

तुमच्या पोरीने निळ्या गोळीवरून जे विचारलं ते मला तसलंच वाटतं. इतकी वर्षं गप्प बसलेल्या मुलीला एक साधं, निरुपद्रवी निमित्त मिळालं आणि तिने दार जरा ढकलून बघितलं. तुम्ही गडबडून लावून घेतलंत, ठीक आहे, कुणीही घेतलं असतं. पण कडी घातलेली नाहीये अजून.

'दहावी होऊ दे' हे मला पटत नाही आणि तुमच्या नवऱ्याला ते असं सांगा की ही बाई भावनेने नाही तर हिशोबाने बोलतेय. पहिली गोष्ट, तेरा ते सोळा हे गोळ्या सोडायचं वय असतं. जगभर हीच रड आहे, लहानपणी छान गोळ्या घेणारी मुलं वयात आली की चुकवायला लागतात, गादीखाली, बेसिनमध्ये, खिडकीबाहेर. ज्या मुलाला गोळी कशासाठी हे माहीतच नाही त्याने ती का घ्यावी? मी ठणठणीत आहे, रक्त वाढलंय माझं, नको आता, हे तिचं म्हणणं तर्काने बरोबरच असेल. आणि डोस चुकत राहिले की विषाणू त्या औषधाला सरावतो, मग औषध बदलावं लागतं. दुसरी गोष्ट, तुम्ही दहावीपर्यंत थांबाल पण बाकीचे थांबणार नाहीत. विज्ञानाच्या पुस्तकात धडा येणार, 1 डिसेंबरला एड्स दिनाची प्रभातफेरी निघणार आणि हिच्याच हातात फलक देतील, मागच्या बाकावरचा कुणीतरी त्यावरून घाणेरडा विनोद करणार, मोबाईल हातात येईल आणि गोळीचं नाव टाकलं की दोन सेकंदांत उत्तर. तुम्ही सांगायचं की नाही हे तुमच्या हातात आहे, तिला कळायचं की नाही हे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्येच सांगून ठेवलंय की शाळेत जाणाऱ्या वयाच्या मुलांना स्वतःचं एचआयव्हीचं खरं कळलं पाहिजे, आणि लहान असतील तर झेपेल तसं, टप्प्याटप्प्याने. अकरा म्हणजे लवकर नाही. किंचित उशीरच झालाय, पण फार नाही.

कसं सांगायचं? एका बैठकीत धाडकन नाही. आधी सेंटरच्या काउन्सेलर मॅडमना फोन करा आणि एक चक्कर मुलीला न घेता मारा, जमलं तर नवऱ्याला घेऊन, कारण त्यांना एकदा ही गोष्ट तिसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकायची गरज आहे असं मला वाटतं (नवऱ्यांना बऱ्याचदा असते). मॅडमनी अशी शेकडो मुलं हाताळलेली असतात. त्यांना विचारा की आमच्या मुलीला कितपत सांगू, पहिलं वाक्य काय बोलू, आणि तुम्ही सोबत असाल का.

पहिला टप्पा घरातच होऊ शकतो, आणि तो कबुलीचा असू दे. म्हणजे असं काहीसं, 'तू त्या दिवशी निळ्या गोळीचं विचारलंस ना, तेव्हा मी नीट सांगितलं नाही. मला सुचलं नाही. तुझी गोळी रक्तवाढीची नाहीये. तुझ्या रक्तात एक विषाणू आहे, लहानपणापासून आहे, आणि तो या गोळीमुळे झोपून राहतो. रोज घेतो म्हणून झोपून राहतो. तुझ्या मागच्या रिपोर्टात तर तो सापडलाच नाही.' एवढंच. नाव लगेच घ्यायची गरज नाही, पण तिने विचारलं 'त्याचं नाव काय?' तर मात्र सांगायचं. त्या क्षणी परत खोटं बोललात तर मग फार अवघड होईल. ही दुसरी वेळ असेल.

सण, वाढदिवस, परीक्षेचा आदला दिवस, भांडणानंतरची रात्र, हे दिवस टाळा. शनिवारी दुपारी वगैरे बरं, म्हणजे रविवार मोकळा मिळतो. भाजी निवडताना किंवा तिची वेणी घालताना बोललं तर उत्तम, तोंडाकडे बघावं लागत नाही दोघींनाही.

आणि तिची प्रतिक्रिया तुम्ही मनात रंगवलीय तशी नसेल याची तयारी ठेवा. ती रडेल, कोसळेल असं तुम्ही धरून चाललाय. बरीच मुलं 'बरं' म्हणतात आणि खेळायला जातात, मोठी माणसं मागे रडत बसतात. मग चार दिवसांनी, महिन्याने, कधी भलत्याच वेळी एकेक प्रश्न येतो. राग सहा महिन्यांनीही येऊ शकतो. एकदा सांगून मोकळं होणं असं यात नसतं.

एक प्रश्न नक्की येणार. आईला पण हेच होतं का? हो म्हणा. ती सात वर्षांची होती आई गेली तेव्हा, तिला आईचा चेहरा, आईचं आजारपण आठवतंय. तुझ्या आईकडून तुला आलं, आईने मुद्दाम नाही दिलं, तिला वेळेवर कळलंच नाही असं सांगा. आणि इथे सासूबाईंना हात जोडून एक विनंती करावी लागेल. तुम्ही लिहिलंय त्या येता-जाता म्हणतात की जावयाने माझी पोर खाल्ली. लेक गेलेल्या बाईचं तोंड धरता येत नाही, मला कळतं. पण ते वाक्य ज्या पोरीसमोर म्हटलं जातं तिचा तो बाप होता, आणि उद्या तिला खरं कळल्यावर त्या वाक्याचा अर्थ तिला पहिल्यांदा लागेल. आजीने लेकीबद्दल खुशाल बोलावं, उलट जास्त बोलावं, लहानपणी कशी होती, काय खायला आवडायचं, शाळेत कुणाशी भांडायची. मरणाची गोष्ट सोडून त्या पोरीला आईची दुसरी गोष्टच मिळालेली नाही असं पत्र वाचून वाटलं.

गुपित आणि खाजगी यातला फरक मात्र तिला समजावून सांगा. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गुपित म्हणजे ज्याची लाज वाटते ते. खाजगी म्हणजे जे आपलं आहे आणि कुणाला सांगायचं ते आपण ठरवतो ते. दार लावून अंघोळ करतो ती लाज म्हणून नाही. हे खाजगी आहे, मैत्रिणीला सांगावंसं वाटलं तर आधी माझ्याशी बोल, कारण एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही, असं म्हणा. 'कुणाला सांगशील तर बघ' असं कधीच नको.

आता ते ताट. तुमच्या पत्रातली मला रात्री झोपू न देणारी गोष्ट ती आहे. ताट नणंदेचंच, लग्नात दिलेलं, कडेला तिचं नाव कोरलेलं. म्हणून सासूबाई म्हणतात की आईचं आहे, पोरीला त्यातच जेवायला आवडतं, मी कुठे वेगळं काढलंय. आणि बोलायला गेलं तर खरंच काही बोलता येत नाही. पण बाकीची ताटं मांडणीत उभी असतात आणि ते एकटं घासून खिडकीच्या कट्ट्यावर पालथं असतं. ताटाचं काही नाही ताई, कट्ट्याचं आहे. म्हणून सासूबाईंशी ताटावरून वाद घालूच नका. पोरीला हळूच विचारा, आईचं ताट तुला हवंय का? हो म्हणाली तर तेच राहू दे आयुष्यभर. फक्त ते सगळ्यांच्या भांड्यांत, त्याच घासणीने घासलं जाऊ दे आणि मांडणीत तुमच्या ताटाशेजारी उभं राहू दे. एक दिवस तुम्हीच त्यात वाढून घेऊन जेवा, काही न बोलता, सासूबाईंच्या समोर बसून. त्या बघतील. म्हाताऱ्या माणसांना डॉक्टरच्या सांगण्यापेक्षा सुनेने जेवलेलं ताट लवकर कळतं. आणि त्यांना एकदा सेंटरला पण न्याच, रांगेतली गुटगुटीत, दंगा करणारी पोरं बघू देत. त्यांच्या डोळ्यांसमोर लेकीचे शेवटचे दिवस आहेत, त्यांना वाटतं हा आजार म्हणजे तेच.

माहेरच्यांच्या संस्थेच्या सल्ल्याबद्दल. यावर मी उगाच तलवार काढणार नाही, कारण महाराष्ट्रात या कामात मोठी माणसं उभी राहिली आणि त्यांच्यामुळे शेकडो मुलं जगली. पुण्यात विजया लवाटे यांनी 1997 मध्ये अशा मुलांसाठी मानव्य ही संस्था सुरू केली तेव्हा सरकारी मोफत औषधं यायला अजून सात वर्षं होती, ती 2004 च्या एप्रिलला आली आणि मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम 2006 च्या शेवटी. नगरचं स्नेहालय, पंढरपूरची पालवी, बीडचं इन्फंट इंडिया, लातूरजवळ हासेगावचं सेवालय, ही घरं ज्या मुलांना कुणीच उरलं नव्हतं, कधी कधी ज्यांना सख्ख्यांनी रस्त्यावर आणून सोडलं होतं, त्यांच्यासाठी उभी राहिली. तुमच्या पोरीला मामा आहे, आजी आहे, तुम्ही आहात, एक भाऊ आहे ज्याला ती घास भरवते. बालन्याय कायदाही हेच सांगतो की आधी कुटुंब, संस्था सगळ्यात शेवटी, आणि तसंही कुणी उठून मुलाला संस्थेत सोडू शकत नाही, ते बाल कल्याण समितीमार्फत होतं.

पण 'तिच्यासारखीच मुलं' यात एक खरी गोष्ट आहे, ती टाकून देऊ नका. तिला आपल्यासारखी दुसरी मुलं भेटायला हवीत. त्यासाठी घर सोडायची गरज नाही. सेंटरला विचारा की मुलांचा सपोर्ट ग्रुप भरतो का, केअर अँड सपोर्ट सेंटर कुठे आहे (बरेच जण त्याला अजून विहान म्हणतात), तिथे पॉझिटिव्ह असलेलीच माणसं काम करतात. वीस-बावीस वर्षांची, कॉलेजला जाणारी, नोकरी करणारी, जन्मापासून गोळ्या घेणारी ताई तिने एकदा प्रत्यक्ष बघितली की तुमची आणि माझी शंभर भाषणं त्यापुढे फिकी आहेत. लग्नाचं पण तिथेच कळेल तुम्हाला. लग्नं होतात, नियमित औषध घेऊन विषाणू सापडेनासा झालेल्या माणसाकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही, आणि आई नियमित उपचारांवर असली तर मुलं जवळजवळ नेहमी निगेटिव्ह जन्मतात. अकरा वर्षांच्या पोरीच्या लग्नावर यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही.

आणि एक विचारू का, रागावू नका. संस्थेचा विचार माहेरच्यांचा आहे असं लिहिलंत, पण पत्रात तो तीनदा आलाय. दमला आहात तुम्ही. तसं असेल तर तसं म्हणा, नवऱ्याला म्हणा की पुढची सेंटरची फेरी तुझी. दमणं वेगळं आणि नकोशी होणं वेगळं, पण पहिलं बोललं नाही की हळूहळू दुसऱ्यासारखं दिसायला लागतं.

शाळेचं सोपं आहे. सांगावं लागत नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, त्यात शाळेने प्रवेश नाकारणं, काढून टाकणं, वेगळं बसवणं याला बंदी आहे, टेस्टची अट घालता येत नाही आणि संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. कायदा आहे म्हणून माणसं सुधारली असं मात्र नाही. 2014 मध्ये, कायद्याच्या आधी, दक्षिण गोव्यात रिवणला एका बालगृहातल्या 13 मुलांना इतर पालकांच्या दबावामुळे शाळा सोडावी लागली होती, हासेगावच्या मुलांनाही सुरुवातीला गावातल्या शाळेत घ्यायला विरोध झाला होता. म्हणून माझं मत असं की गरज असल्याशिवाय सांगू नका. 'एका बाईंना विश्वासात घेऊन ठेवते' असं चांगल्या मनाने केलेलं स्टाफरूममध्ये चहाबरोबर फिरतं, मी स्वतः बघितलंय. गोळी रात्रीची आहे, शाळेचा काही संबंध येत नाही. पुढे कधी निवासी शाळा, मोठा कॅम्प असं काही आलं तर तेव्हा बघू, आणि तेव्हा तिला विचारून. कुठे अडवलंच तर राज्याच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि साध्या माहितीला 1097 हा एड्स हेल्पलाइनचा फुकटचा नंबर आहे.

कागदांचं पटापट लिहिते. बालसंगोपन योजना, हिला आता सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे, त्यातून अशा मुलांना नातेवाईकांच्या घरी राहून महिन्याला 2250 रुपये मिळतात. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात अर्ज, आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले आणि आधार, शाळेचा दाखला जवळ ठेवा. तहसीलला संजय गांधी निराधारचंही विचारून घ्या. गावात गाजावाजा होईल म्हणून तुम्ही आजवर गेला नाहीत हे समजू शकते, पण ती अनाथ आहे एवढंच बालसंगोपनाला पुरतं, आजाराचं नाव पुढे करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. एसटीची सवलत तुम्ही घेत नाही कारण कंडक्टरला कार्ड दाखवावं लागतं. बरोबर करता. गर्दीच्या गाडीत त्या कार्डाची किंमत तिकिटापेक्षा जास्त पडते, हे सवलती काढणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आणि तिच्या वडिलांची जमीन आहे असं ओझरतं लिहिलंत, त्यावर वारस म्हणून तिचं नाव लागलंय का ते सातबारा काढून बघाच. लागलं नसेल तर तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्या, आणि काका लोक आडवे आले तर बाल कल्याण समितीकडे जा, बाधित मुलांच्या मालमत्तेसाठी तिथे दाद मागायची सोय त्याच एचआयव्ही-एड्स कायद्यात आहे. हात वर केले म्हणून जमीन त्यांची होत नाही.

राहिली निळी गोळी. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी काही एआरटी औषधांना नीट शोषू देत नाही, हल्ली बहुतेकांना जे डोल्युटेग्राविर देतात त्याच्या बाबतीत तर हे नक्की आहे, म्हणून विचारलंत ते फार बरं झालं. अंतर ठेवलं की प्रश्न येत नाही. एआरटीची गोळी लोहाच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास. शाळेत दुपारच्या जेवणानंतर देतात ना, म्हणजे दीडच्या आसपास, आणि तिची रात्री आठला, तर अंतर आपोआप पडतंय. तरी पुढच्या फेरीला बाटली घेऊन जा आणि डॉक्टरांना विचारून खात्री करा, आणि यावेळी लेबल खरडू नका, तिला वाचू दे.